अपंगत्व आणि दवाखाना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

दादाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. तो बोलत नाही, व्हीलचेअरवर असतो आणि खूश असला की डावा हात वर उचलून हलवत बसतो. आई थकली आणि त्याचं सगळं माझ्याकडे आलं, तेव्हा माझी समजूत अशी होती की औषधं वेळेवर द्यायची, तारखा चुकवायच्या नाहीत, बस. मग एकदा तो सलग तीन दिवस स्वतःचं मनगट चावत राहिला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फाईल चाळली, "अशा पेशंटचं होतं असं कधी कधी," म्हणाले आणि शांत झोप लागेल असं काहीतरी लिहून दिलं. पाचव्या दिवशी गाल सुजला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता.

राग आला, अजूनही येतो. पण त्या दिवशी एक गोष्ट मीही सांगितली नव्हती. दादा एरवी कधीच स्वतःला चावत नाही. मला ते इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलंच नाही. डॉक्टरांनी त्याला पहिल्यांदाच बघितलेलं. त्यांना वाटलं, हा असाच असतो.

नवी तक्रार जुन्या अपंगत्वाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं, हे जगभर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये अपंग व्यक्तींच्या आरोग्यावर एक अहवाल काढला. त्यानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे साधारण सहा जणांत एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे, आणि त्यांच्यातल्या काहींचं आयुष्य इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत कमी भरतं. यातला बराच फरक अपंगत्वामुळे पडत नाही, मिळणाऱ्या असमान वागणुकीमुळे आणि सेवांमुळे पडतो, असं तो अहवाल सांगतो.

पुढे जे लिहितेय ते स्वतः अपंग असलेल्यांसाठीही आहे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठीही. ('काळजीवाहक' हा शब्द फॉर्मवर ठीक आहे, घरात कुणी वापरत नाही.) योजना आणि नियम देशागणिक बदलतात, त्यात मी शिरत नाही. कुठेही राहत असलात तरी जे करावंच लागतं, तेवढंच घेते.

पहिली पायरी: एक पान लिहा

जाडजूड फाईल कुणी वाचत नाही. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तर नाहीच नाही. म्हणून फाईलच्या वर एक पान ठेवायचं, पाठपोट सुद्धा नाही. निदान, औषधं, डोस आणि ॲलर्जी या गोष्टी त्यावर असतातच. पण पानाचा खरा उपयोग वेगळा आहे: या माणसाची रोजची अवस्था कशी असते, हे त्यावर हवं. ते माहीत असल्याशिवाय समोरच्याला बिघाड ओळखताच येत नाही.

दादाच्या पानावरचा मजकूर असा आहे. तो मी त्याच्याच तोंडी लिहिला, कारण तसा लिहिला की नर्सेस त्याच्याकडे बघून बोलतात:

"मी बोलत नाही, पण तुमचं बोलणं मला समजतं. 'हो' म्हणायचं असेल तर मी वर बघतो, 'नाही'साठी डोळे मिटतो. उत्तर द्यायला मला दहा-पंधरा सेकंद लागतात, थांबा. दुखत असलं की मी ओरडत नाही. गप्प होतो आणि उजवा पाय आखडतो. डाव्या हाताला धरून ओढू नका, तो खांदा निखळतो. गोळ्या गिळता येत नाहीत, पातळ औषध लागतं. पाणी घट्ट करूनच द्या, नाहीतर ठसका लागून ते छातीत जातं. मला फिट्स येतात. बहुतेक वेळा दोन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ते माझ्यासाठी नेहमीचं नाही. मी स्वतःला कधीच चावत नाही."

शेवटचं वाक्य कधी लिहिलं ते सांगायला नको.

तुमच्या पानावर काय यावं हे अपंगत्वावर अवलंबून आहे. काही गोष्टी मात्र अशा आहेत की त्या नसल्या तर थेट धोका होतो, म्हणून त्या सांगते.

मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा झालेली असेल, तर आपलं नेहमीचं ब्लडप्रेशर आकड्यात लिहा. अशा माणसांचं बीपी एरवी कमीच असतं. त्यामुळे इतरांना 'नॉर्मल' वाटणारा आकडा त्यांच्यासाठी चढलेला असू शकतो. लघवीची नळी अडली, शौचाचा खडा साठला, कुठे कपडा किंवा पट्टा रुतला, तरी बीपी एकाएकी भडकतं, डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम फुटतो. हे तातडीचं असतं. आधी माणसाला उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी कुठे वाकली किंवा तुंबली आहे का ते बघायचं, आणि त्याच वेळी मदत बोलवायची. हे माहीत नसलेला डॉक्टर भेटू शकतो, म्हणून ते पानावर लिहून ठेवलेलं बरं.

स्पायना बिफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला) असलेल्यांत रबरी लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते. हातमोजे आणि नळ्या दोन्ही त्यात आले. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. भूल देण्याआधी ही गोष्ट भूलतज्ज्ञाच्या कानावर घालायची. ड्यूशेनसारखी स्नायूंची दुर्बलता असेल तर भुलेची काही नेहमीची औषधं चालत नाहीत, हेही त्यांना आधीच कळायला हवं. कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून बसवलेलं यंत्र), डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी) किंवा पोटाशी बॅक्लोफेनचा (आखडलेले स्नायू सैल करणारं औषध) पंप असेल, तर उपकरणाचं नाव आणि मॉडेल लिहा. एमआरआयवाले पहिल्यांदा तेच विचारतात. बॅक्लोफेन आणि फिट्सची औषधं अचानक बंद करणं धोक्याचं असतं. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी "रात्री बारानंतर पोटात काही नको" असं सांगितलं, की लगेच विचारा: "मग सकाळच्या डोसचं काय?" हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा, आणि बहुतेकदा तो आपणच विचारतो.

पानावर तारीख घाला. औषध बदललं की पान बदला. मोबाईलमध्ये फोटो ठेवा, पण कागदही ठेवा. मोबाईलची बॅटरी नेमकी कधी संपते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी पायरी: जवळचा एक डॉक्टर धरून ठेवा

मेंदूचे वेगळे, हाडांचे वेगळे, पोटाचे वेगळे असे तज्ज्ञ जमा होतात आणि प्रत्येक जण आपापल्या भागाचं औषध लिहितो. सगळी औषधं एकत्र बघणारा कुणी नसतो. ते काम जवळच्या फॅमिली डॉक्टरचं किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरचं. तो फार मोठा तज्ज्ञ नसला तरी चालेल. तो तुम्हाला ओळखणारा हवा.

पहिली भेट काही होत नसताना घ्या. हे उलटं वाटेल, पण आजारी पडल्यावर पहिल्यांदा गेलं की डॉक्टर फक्त आजारी माणूस बघतो. बऱ्या दिवशी गेलं की त्याला माणूस दिसतो. या भेटीत वजन, बीपी, दात, कान, त्वचा बघून घ्या, सगळी औषधं पिशवीतून नेऊन टेबलावर मांडा, आणि "तज्ज्ञांकडून आलेली पत्रं तुमच्याकडे येत राहतील, चालेल ना?" असं विचारून टाका.

वर्षातून एकदा अशी सर्वसाधारण तपासणी व्हायलाच हवी. डाउन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइडची तपासणी नियमित लागते. व्हीलचेअरवर असणाऱ्यांची त्वचा बघायला हवी. आणि स्त्रियांबद्दल मुद्दाम लिहिते: अपंग स्त्रीच्या गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी राहून जाते, कारण "तिला कशाला" असं सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं, कधी घरच्यांनीही. पाय पसरता येत नसले तरी कुशीवर झोपवून तपासणी करता येते. पाळी, गर्भनिरोधन, मूल हवं-नको हे प्रश्न तिलाही असतात, आणि ते विचारायला तिला आपल्याशिवाय पाच मिनिटं मिळायला हवीत.

तिसरी पायरी: निघण्याआधी फोन

"तुमच्याकडे रॅम्प आहे का?" असं विचारू नका. उत्तर कायम "हो" येतं. मी एका ठिकाणी याच उत्तरावर विसंबून गेले. रॅम्प होता. तो चढून गेलं की आत एक पायरी होती.

विचारायचं ते असं: रस्त्यापासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्ट चालू आहे का, आणि तिचं दार किती रुंद? टॉयलेटमध्ये व्हीलचेअर वळते का, की नुसती शिरते? आपल्या व्हीलचेअरची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कड्यांसकट मोजून पाठ करा, म्हणजे समोरच्याला "८० सेंटीमीटर तरी दार हवं" असं नेमकं सांगता येतं. रॅम्पसाठी सर्वसाधारण मान्य प्रमाण १:१२ आहे: एक हात उंचीला बारा हात लांबी. म्हणजे ६० सेंटीमीटर उंच जोत्याला सात मीटरच्या वर लांब रॅम्प लागतो. जो दोन-तीन मीटरमध्ये आटोपलेला असतो तो सामान चढवायला केलेला असतो. त्यावर माणसाला ढकलताना पुढचा-मागचा दोघंही पडू शकतात.

मग तपासणीचं टेबल. खालीवर होणारं आहे का, आणि नसेल तर उचलायला माणसं मिळतील का? "खुर्चीतच तपासू" हे डॉक्टरांना सोयीचं असतं, पण पोट, कंबर, बुडाची त्वचा खुर्चीत बसलेल्या माणसाची तपासताच येत नाही. तसंच वजन. औषधाचा आणि भुलेचा डोस बऱ्याचदा वजनावर ठरतो आणि आमच्या फाईलवर सहा वर्षं "अंदाजे ४५" असं लिहिलेलं होतं. खरं निघालं ३८. व्हीलचेअरसकट वजन करायचा काटा बऱ्याचदा डायलिसिसच्या विभागात असतो, तिथे विचारा. आधी खुर्चीत बसवून वजन, मग रिकाम्या खुर्चीचं, मग वजाबाकी. इतकं साधं.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी सांकेतिक भाषेचा दुभाषी आधी मागून ठेवावा. "लिहून दाखवू" हा पर्याय सगळ्यांना चालत नाही; सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं असतं, आणि लहानपणापासून तीच भाषा असलेल्या माणसाला लिहिलेली वाक्यं परकी वाटू शकतात. घरातल्या मुलाला दुभाषी करू नका. आईच्या कॅन्सरची बातमी दहा वर्षांच्या मुलाने हातांनी सांगायची, हे कुणावरच येऊ नये. बाहेर बसल्यावर नावाचा पुकारा ऐकू येणार नाही, म्हणून खिडकीवरच्या माणसाला सांगा: समोर येऊन हात करा. ओठ बघून समजणाऱ्यांनी मास्क खाली घ्यायला किंवा पारदर्शक मास्क लावायला सांगायला संकोचू नये.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. संमतीपत्र सहीआधी पूर्ण वाचून दाखवायला सांगायचं, "नेहमीचंच आहे हो" यावर सही नाही. आणि औषधांच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्या ओळखायला घरी आल्या आल्या रबरबँडची खूण: सकाळच्याला एक, रात्रीच्याला दोन.

गर्दी, आवाज, दिवे सहन होत नसतील, ऑटिझम असेल, तर दिवसातली पहिली वेळ मागा. ती मिळाली नाही तर बाहेर गाडीत किंवा मोकळ्या जागेत थांबू, पाच मिनिटं आधी फोन करा, असं सांगा. रक्त काढायचं असेल तर त्वचा बधिर करणारं क्रीम मिळतं, पण ते सुमारे तासभर आधी लावावं लागतं. म्हणून ते कधी आणि कुठे लावायचं हे आदल्या दिवशीच विचारा. आणि शक्य असेल तर आधी एकदा नुसतं जाऊन या. काही न करता. खोली बघायची, स्टेथोस्कोप हातात घ्यायचा, परत यायचं. ही फेरी फुकट गेल्यासारखी वाटते. जात नाही.

चौथी पायरी: डॉक्टरांसमोर

"यांना काय होतंय?" हा प्रश्न आपल्याला विचारला जातो आणि माणूस समोर बसलेला असतो. मी उत्तर देत नाही. दादाकडे वळते आणि विचारते, "मी सांगू का?" तो वर बघतो. मग सांगते. यात पाच सेकंद जातात, पण डॉक्टरांची नजर फिरते. जो स्वतः बोलू शकतो त्याच्या वतीने तर मुळीच बोलू नये, वेळ लागला तरी.

सांगताना तीन गोष्टी आधी: कधीपासून, रोजच्यापेक्षा काय बदललं, तुम्हाला कशाची भीती वाटतेय. भीती लपवू नका. "अपेंडिक्स तर नसेल?" असं म्हटल्यावर पोटाला हात लागतो.

आणि जर का उत्तर "अशा पेशंटचं असंच असतं" या वळणावर जायला लागलं, तर माझ्याकडे एक प्रश्न आहे. तो मी शांतपणे विचारते, आवाज न चढवता: "हाच त्रास अपंगत्व नसलेल्या माणसाला असता, तर तुम्ही काय तपासलं असतं?" बहुतेक डॉक्टर थांबतात. चांगले डॉक्टर तर पेन खाली ठेवतात.

न बोलणाऱ्या माणसाचं वागणं अचानक बदललं, तर दात, कान, बद्धकोष्ठ, छातीत जळजळणारं आम्ल, लघवीचा संसर्ग, निखळलेला खुबा आणि दाबाने झालेली जखम एवढं आधी बघून घ्यायला सांगा. वेदना मोजायलाही पद्धत आहे. 'फ्लॅक' नावाची एक मोजपट्टी मुलांच्या विभागात वापरतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होतो का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. तिच्या सुधारित रूपात आईवडिलांनी आपल्या मुलाच्या खास खुणा लिहायची सोय आहे. दादाच्या पानावरचा 'गप्प होतो' तिथे बसतो.

उठण्याआधी औषध गिळता येईल का ते विचारा. प्रत्येक गोळी कुटून देता येत नाही. हळूहळू विरघळण्यासाठी केलेली गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. पातळ औषध मिळतं का, नळीतून चालेल का, हे औषधांच्या दुकानातला फार्मासिस्टही सांगू शकतो.

संमतीचा मुद्दा छोटा नाही, पण थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी मंजूर झाला आणि ३ मे २००८ पासून लागू आहे. त्याचं २५वं कलम आरोग्याचं आहे. इतरांच्याच दर्जाची सेवा, घराच्या शक्य तितक्या जवळ, खेड्यातही, आणि समजावून सांगून मोकळेपणाने घेतलेली संमती, हे सगळं त्यात आहे. तेव्हा "यांना काय कळतंय, तुम्ही सही करा," असं कुणी म्हटलं तर आधी सोप्या शब्दांत, चित्रं दाखवून, दोनदा सांगून बघा असा आग्रह धरा. एखाद्याला पैशाचा हिशेब कळत नसेल, पण दात काढायचा की नाही हे त्याला नीट कळत असतं.

कुणाकडे कशासाठी

नवख्या माणसाचा इथे फार गोंधळ होतो. फिजिओथेरपिस्ट हालचाल, ताकद, चालणं आणि छातीतला कफ बघतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजचं जगणं बघतो: आंघोळ कशी, जेवताना चमचा कसा धरायचा, टॉयलेटला दांडी कुठे हवी. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवतो असं मी कित्येक वर्षं समजत होते, म्हणून दादा बोलणारच नाही तर कशाला, असं म्हणून गेलेच नाही. गिळण्याची तपासणीही तेच करतात. पाणी घट्ट करून द्यायचा सल्ला तिथे मिळाला, आणि त्या वर्षी दादाला छातीचा संसर्ग एकदाही झाला नाही.

व्हीलचेअर मापाने घ्यायची असते. कुणाची तरी उरलेली खुर्ची आणून बसवलं तर पाठ वाकते आणि बुडाला जखमा होतात. गादीशिवायची खुर्ची अर्धीच. स्वतः हलू शकणाऱ्याने दर पंधरा-तीस मिनिटांनी थोडं उचलून किंवा पुढे झुकून वजन हलवायचं. हलता येत नसेल तर ते आपण करायचं, दवाखान्याच्या बाकाशेजारी थांबलेलो असलो तरी. दादाच्या टाचेची जखम एका कडक ट्रॉलीवरच्या पाच तासांची देणगी होती. भरायला चार महिने लागले.

अपंगत्वाचं मूल्यमापन करायला बोलावलं तर एक चूक टाळा: तिथे माणूस ताठ बसतो, हसतो, "जमतं की" म्हणतो. स्वाभिमान असतो प्रत्येकाला. पण कागदावर तोच चांगला दिवस उतरतो आणि मदत त्याप्रमाणे ठरते. वाईट दिवस कसा जातो ते सांगा: बटण लावायला किती वेळ लागतो, नंतर किती थकवा येतो, रात्री किती वेळा उठवावं लागतं. खोटं काहीच नाही, फक्त पूर्ण सांगायचं.

मूल पंधरा-सोळाचं झालं की मुलांच्या डॉक्टरांना विचारायला लागा, "पुढे कोण?" बऱ्याच ठिकाणी अठराव्या वर्षी मुलांचा विभाग दार लावतो आणि मोठ्यांच्या विभागात ओळखणारं कुणी नसतं.

भरती व्हावं लागलं तर

पहिल्याच दिवशी ते एक पान पलंगाशी चिकटवा. हालवायचं वेळापत्रक ठरवून घ्या. पलंगावर पडून असलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी, पण त्वचा नाजूक असेल तर त्याहून लवकर. स्वतःची व्हीलचेअर, श्रवणयंत्र, संवादाचा बोर्ड (चित्रं किंवा अक्षरं दाखवून बोलायचा) यांवर नाव लिहा. हरवतात. आणि बोर्ड हरवला की माणूस मुका होतो.

रात्री कोण थांबणार हे आधी ठरवा, आणि नर्सशी स्पष्ट बोला: मी काय करणार, तुम्ही काय करणार. न बोलता सगळं अंगावर घेतलं की तिसऱ्या दिवशी तुम्ही कोलमडता आणि त्यांना वाटतं तुम्हीच करणार होता.

घरी सोडायची तारीख ऐकली की घाई करू नका. नळीतून अन्न देणं, कॅथेटर सांभाळणं, जखमेची पट्टी, पलंगावरून खुर्चीत घेणं यांपैकी जे नवीन आहे ते नर्सने एकदा करून दाखवायला हवं आणि मग आपण त्यांच्यासमोर करून दाखवायचं. नुसतं बघून हात बसत नाही. पलंग, गादी, नळ्या घरात आल्यावरच माणूस घरी. रात्री काही झालं तर कुणाला फोन, हे लेखी घ्या.

काही चुकलं तर तक्रार लेखीच करा. तारीख, वेळ, काय झालं, काय व्हायला हवं होतं, आता तुम्हाला काय हवंय. चार ओळी पुरतात. प्रत ठेवा. भांडून मन मोकळं होतं, कागद मात्र पुढच्या माणसाच्याही उपयोगी पडतो.

सांभाळणाऱ्याची पाठ

ही पायरी मी स्वतः सगळ्यात उशिरा केली. दादाला उचलून उचलून माझी कंबर गेली. उचलण्यालाही शिक्षण असतं: सरकपट्टी, सरकत्या चादरी, उचलायचं यंत्र. फिजिओथेरपिस्टकडे दादाला घेऊन जाता तेव्हा स्वतःसाठी दहा मिनिटं मागा. आपल्या फॅमिली डॉक्टरच्या फाईलवर "ही व्यक्ती दुसऱ्याला सांभाळते" अशी नोंद करायला सांगा, म्हणजे तपासणीची वेळ देताना, ऑपरेशन ठरवताना त्यांना त्याचा विचार करता येतो. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, चिडचिड हाताबाहेर जाते, हेही डॉक्टरांना सांगायचं दुखणंच आहे.

आणि तुम्ही नसाल तेव्हाचं दुसरं पान तयार करा: किल्ली कुणाकडे, औषधं कुठे, कुणाला फोन, दादाला कसं उठवायचं. ते घरातल्या निदान एकाने वाचलेलं असावं आणि एकदा तरी करून बघितलेलं असावं.

मागे मला ताप आला तेव्हा आमचा चुलतभाऊ दादाला तारखेला घेऊन गेला. दोन्ही पानं बरोबर दिली होती. संध्याकाळी परत आले तर पहिल्या पानाच्या तळाला त्याच्या गिचमिड अक्षरात एक ओळ वाढलेली होती: "लिफ्टमध्ये तोंड दाराकडे ठेवा, भिंतीकडे केलं की घाबरतो." मी इतकी वर्षं त्याला उलटाच नेत होते.